लाइनीवर दुसरा माणूस

अत्यंत गंभीर महत्त्वाची एक घोषणा करतो. ज्यांच्या हातात चहाचा कप असेल त्यांनी तो खाली ठेवावा, जे आडवे झाले असतील त्यांनी उठून बसावं आणि ज्यांच्या मांडीवर नातू असेल त्यांनी तो क्षणभर शेजारच्या मांडीवर सरकवावा. तर सर्वांना कळवण्यात येतं की, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली मुक्कामी, महामार्गाच्या कडेला, टायर पंक्चरचं दुकान आणि पिको-फॉलचं दुकान यांच्या मधल्या नऊ फुटी खोलीत, एका माणसाने आपल्या आयुष्यातली काही हजार मिनिटं संगणकासमोर उभं राहून, काहीही न करता, नुसतं थांबण्यात घालवली आणि त्यातलं एकही मिनिट वाया गेलं असं त्याला शेवटपर्यंत वाटलं नाही.

घोषणा संपली. कप उचलायला हरकत नाही.

आम्ही त्यांना हॅलोकाका म्हणायचो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी नोकरी गेली, तीही ट्रंक कॉल जोडून देण्यात. तीस वर्षं कानाला चोंगा आणि तोंडात एकच वाक्य, "थांबा, लाइन लागून राहिली." मग यंत्रं आली, ऑपरेटरची गरज संपली, काका निवृत्त झाले आणि त्यांनी साकोलीत तीन संगणकांचं नेट कॅफे टाकलं. दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: "येथे डाउनलोड करून मिळेल. घाई असल्यास बस स्टँड समोर आहे."

त्या काळात मोठी फाइल ईमेलने जात नसे. पाठवणारा ती एखाद्या साइटवर ठेवायचा आणि नुसता पत्ता पाठवायचा. फुकटात उतरवून घेणाऱ्याला ती साइट आधी साठ सेकंद थांबवायची. पडद्यावर उलटे आकडे चालायचे, साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. तेवढ्या वेळात लोक तंबाखू मळायचे, नाही तर साइटच्या मालकाच्या घराण्याचा उद्धार करायचे. हॅलोकाका उठून उभे राहायचे. हात मागे बांधून, चष्मा कपाळावर चढवून, राष्ट्रगीताला राहावं तसे. एकदा मी विचारलंच, "काका, बसून थांबलं तर नाही चालत का?"

"बसून थांबला तं आळस, उभा राहून थांबला तं मान," काका म्हणाले. "तिकडे कोणी तरी आपल्यासाठी फाइल काढून राहिला ना बाप्पा? अन् आपण खुर्चीत पसरून राहाचं?"

मी तेव्हा तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून होतो आणि रेडिओवरच्या जुन्या श्रुतिका जमवायचा मला नाद होता, म्हणून आठवड्यातून तीन वेळा तरी तिथे बसायचो. खरं सांगायचं तर श्रुतिका निमित्ताला होत्या. काका संगणकाच्या दुखण्यांना काय नावं देतात ते ऐकायला मी जायचो. कनेक्शन मध्येच तुटलं की ते म्हणायचे, "तिकडच्यानं फोन आपटला." सर्व्हर व्यस्त आला की, "साहेब जेवाले गेले." फाइल पुसली गेली असल्याचा संदेश आला की चष्मा काढून हळू आवाजात, "मयत." आणि उतरवण्याची मर्यादा संपल्याचा लाल चौकोन आला की आनंदाने मान डोलवायचे, "पाहा, मनून राहिला, आता पुरे, घरी जा, जेव. इतकं तं सख्खा भाऊ सांगत नाही आजकाल."

एका साइटचा तर वेगळाच तऱ्हेवाईकपणा होता. आपण माणूसच आहोत हे तिला पटवून द्यावं लागायचं. वाकड्यातिकड्या अक्षरांना लटकलेली बारकी मांजरं आणि कुत्री दाखवून ती म्हणायची, फक्त मांजरवाली अक्षरं लिहा. मांजर आणि कुत्रं, दोन्ही मुंगळ्याएवढी. काका एकट्याने निर्णय देत नसत. पंक्चरवाल्याला बोलवायचे, पिकोवाल्या बाईंना बोलवायचे, प्रसंगी महामार्गावर थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरलाही.

"सरदारजी, जरा देखो. ये बिल्ली है के कुत्ता?"

"काकाजी, ये तो बकरी है."

बहुमताने ठरायचं. बहुमत चुकायचं. पुन्हा साठ सेकंद, पुन्हा काका उभे.

मर्यादा संपली तरी काकांकडे एक उपाय होता आणि त्याभोवती गावात मोठं गूढ होतं. गिऱ्हाइकाला "चहा पिऊन या जी" सांगून ते मागच्या निळ्या पडद्याआड जायचे. पाच मिनिटांनी बाहेर यायचे आणि मर्यादा गायब! कोणी म्हणे आत तसबीर आहे, तिला हात जोडतात. कोणी म्हणे मुंबईला फोन लावतात. मला राहवेना. एकदा चहाला जातो असं सांगून मी दाराशीच थांबलो आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं. आत स्टुलावर मोडेम होता. काकांनी त्याची वायर काढली, दिवे विझले. मग त्यांनी तो मोडेम तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाने शंभरपर्यंत मोजलं. परत जोडला. बस्स. मोडेम बंद करून चालू केला की आपल्या जोडणीला नवा नंबर मिळायचा आणि साइटला वाटायचं, हे कोणी नवंच गिऱ्हाईक आलं. एवढीच विद्या. पण शंभर मोजताना तो हातात कशाला धरायचा, ते मला आजही कळलेलं नाही.

मग एका उन्हाळ्यात ही विद्या चालेनाशी झाली. जुनी लाइन जाऊन नव्या कंपनीची आली होती. मोडेम कितीही वेळा मांडीवर घ्या, नंबर तोच. आणि वर एक नवाच संदेश, तोही दिवसाची पहिलीच फाइल मागताना: "तुमच्या पत्त्यावरून आधीच एक फाइल उतरवली जात आहे. कृपया थांबा."

बाकीचे दोन्ही संगणक बंद होते. कोणीच काही उतरवत नव्हतं. मी म्हटलं, साइट बिघडली असेल. पंक्चरवाला म्हणाला, व्हायरस. काका मात्र पडद्याकडे पाहत उभेच राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. हरवलेला मित्र गर्दीत दिसावा तसं.

"क्रॉस लागला," ते म्हणाले. "लाइनीवर दुसरा माणूस हाये."

"काका, हे इंटरनेट आहे. इथे कुठला क्रॉस?"

"तीस वर्षं ऐकला मी क्रॉस. दोन घरं एकाच तारेवर आली का असंच होते. आपला नंबर कोणाले तरी आणखी देला त्यायनं."

आणि दुसरा माणूस कुठला, हेही त्यांनी जागेवरच ठरवून टाकलं. गोंदियाचा! भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटून बरीच वर्षं झाली होती, पण काकांच्या मनात ती फाळणी नीट झालीच नव्हती. "जिल्हा वाटला, कचेऱ्या वाटल्या, एसट्या वाटल्या. डाउनलोडचा कोटा कोणी वाटला का? नाही. अजून एकत्रच हाये. आपल्या ताटातलं थो खाऊन राहिला." जुन्या ओळखीतल्या गोंदियाच्या एका ऑपरेटरला त्यांनी फोन करून खडसावलंदेखील. त्या बिचाऱ्याच्या घरी संगणकच नव्हता.

लोक हसायचे. काकांनी एक वही उघडली. वर लिहिलं "दुसरा". रोज किती वाजता तो लाइनीवर असतो, किती वाजता नसतो, ते दर अर्ध्या तासाला संदेश तपासून लिहायचं. मी विचारलं, हे कशासाठी? "माणूस दिसत नाही तं त्याची वेळ पाहावं," ते म्हणाले, "मंग माणूस आपोआप दिसते."

हे सगळं गमतीतच चाललं असतं. पण तीन आठवड्यांनी सिस्टर आली.

सिस्टर म्हणजे जवळच्या एका गावातल्या उपकेंद्राची नर्स. चाळिशीची, सडपातळ, स्कूटीवरून उतरतानाही स्कूटी पुरती थांबलेली नसे. थांबणं या क्रियापदाशी तिचं जन्माचं वैर. लस टोचून झाल्यावर मूल रडायला लागायच्या आत ती पुढच्या घरी पोचलेली असायची. तिने काकांसमोर कागद ठेवला, त्यावर एका साइटचे सात पत्ते होते.

"हे काढून द्या जी. अर्ध्या तासात येतो मी."

"सात तुकडे हायेत बाई. अर्ध्या तासात तं एकाचं तोंडबी दिसत नाही."

"काहून?"

काकांनी तिला समजावून सांगितलं. एका तुकड्याला तास-सव्वा तास. एक झाला की दोन तास विश्रांती. मध्ये कनेक्शन तुटलं तर तो तुकडा पहिल्यापासून. आणि सातही तुकडे मिळाल्याशिवाय गाठोडं उघडत नाही.

"पण हाये काय त्याच्यात?" काकांनी विचारलं. ही त्यांची नेहमीची सवय. ट्रंक कॉलच्या काळापासूनची असणार.

सिस्टर पहिल्यांदा खुर्चीत बसली. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. आई शेतात मजुरीला जायची आणि वस्तीतल्या विहारात बायकांच्या गाण्याच्या मंडळात होती. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात राहणारे एक मामा होते, त्यांनी एका जयंतीला हौसेने मंडळाची गाणी टेप केली होती. ती कॅसेट यंदा मामांच्या मुलीला माळ्यावर सापडली. तिने ती परगावी नेली, संगणकावर उतरवली आणि साइटवर ठेवली. कॅसेटची फीत त्याच खटपटीत गुंडाळून तुटली. पुढे तिचा संगणकही बसला. आता ती गाणी जगात एकाच जागी होती, या सात पत्त्यांवर. साइटच्या नियमाप्रमाणे नऊ दिवसांनी ती पुसली जाणार होती.

"मायचा दुसरा आवाज नाही माह्यापाशी," सिस्टर म्हणाली. "फोटो हाये एक, राशन कार्डाचा. त्याच्यात तं तोंड मिटून हाये." मग लगेच कोरड्या आवाजात, जणू कोणा पेशंटबद्दल सांगावं तसं, "तशी काही मोठी गाणारी नव्हती. तिसरं कडवं नेहमी सगळ्यायच्या आधी उचले. बाया हासत. मले लाज वाटे."

काका उठून उभे राहिले आणि साठपासून सुरुवात झाली.

पहिल्या पाच दिवसांत चार तुकडे आले. पुढे लग्नाच्या दाट तिथी सुरू झाल्या आणि दुसऱ्या माणसाला काय झालं कोण जाणे, तो लाइन सोडेचना. सकाळी सहाला पाहावं तर तो होता, दुपारी पाहावं तरी होताच. दोन दिवस एकही तुकडा नाही. सिस्टर रोज तीनदा यायची आणि दारातूनच विचारायची, "झालं?" काका म्हणायचे, "थांबा." ती म्हणायची, "तुमच्या थांबाच्या नानाची..." आणि स्कूटी निघालेली असायची.

दोन दिवस उरले असताना काका सकाळीच माझ्या ग्रंथालयात हजर. काखेत वही, हातात वर्तमानपत्राची कात्रणं. त्यांनी ती टेबलावर पसरली. भारनियमनाची वेळापत्रकं! तेव्हा वीज गावागावात पाळीपाळीने जायची आणि दर आठवड्याला वेळा बदलायच्या, हे वाचकांपैकी थोरांना आठवत असेल.

"पाहा," काका म्हणाले. "पहिल्या आठवड्यात दुसरा कवा नाही? सकाळी नऊ ते बारा. दुसऱ्या आठवड्यात? दुपारी एक ते चार. तिसऱ्यात? संध्याकाळी. आता हे वाचा. त्याच वेळाले लाइट कुठची जाऊन राहिली?"

मी बोट फिरवत गेलो. तुमसर नाही. पवनी नाही. गोंदिया तर नाहीच नाही.

"लाखांदूर," मी म्हणालो.

"लाखांदूर," काका खुर्चीत कोसळले. "आपल्याच जिल्ह्याचा निघाला जी!" शोध लागल्याचा आनंद आणि गोंदिया सुटल्याचं दुःख, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर शेजारी शेजारी बसले होते.

अर्ध्या तासात आम्ही एसटीत होतो. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे, बाकी सगळं भाजून निघालेलं. लाखांदूरला उतरून काकांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "इथं नव्या कंपनीचं नेट कोणापाशी हाये?" तिसऱ्या पानटपरीवर उत्तर मिळालं: फोटो स्टुडिओ.

स्टुडिओत एक गोल चेहऱ्याचा, घामाने थबथबलेला गृहस्थ संगणकासमोर बसला होता. लाइट गेली तरी काम अडू नये म्हणून लग्नसराईसाठी आणलेला नवाकोरा इन्व्हर्टर कोपऱ्यात होता. पडद्यावर उलटे आकडे चालले होते. काकांनी दारातूनच विचारलं, "काय काढून राहिले भाऊ?"

"हंस," तो मान न वळवता म्हणाला. "हंसाची जोडी, मागं धबधबा. लग्नाच्या अल्बमाले पायजे. नवरदेव-नवरी दोघं हंसावर बसवाचे हायेत. पण काय सांगू, आमच्या लाइनीत कोणी तरी हरामखोर घुसला हाये. कवाबी पाहा, मने, तुमच्या पत्त्यावरून आधीच फाइल उतरून राहिली. मले तं वाटते, गडचिरोलीवाले हायेत."

काका आत गेले. हात जोडले. "गडचिरोलीचे नाही जी. थो हरामखोर मीच."

स्टुडिओवाला वळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढची दहा मिनिटं मी तिथे नसतो तरी चाललं असतं. वर्षानुवर्षं पत्रं लिहिलेले दोन मित्र पहिल्यांदा भेटावेत तसं चाललं होतं. "पंधरा तारखेले दुपारी तुम्हीच होते का?" "मीच होतो." "अन् त्या सोमवारी मांजर चुकलं होतं काय तुमचं?" "चारदा चुकलं!" चहा आला, रसना आलं. मग काकांनी सिस्टरच्या आईची गोष्ट सांगितली. स्टुडिओवाल्याने ऐकली, पडद्यावरचा हंस पाहिला, कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली सात लग्नं पाहिली. आणि संगणक बंद केला.

त्या संध्याकाळी पाचवा तुकडा आला, दुसऱ्या दिवशी सकाळी सहावा. सातवा बासष्ट टक्क्यांवर आला आणि तिकडच्याने फोन आपटला. परत सुरू करावं तर लाल चौकोन. दोन तास थांबा.

आता दुपार झाली होती आणि शेवटचा दिवस होता. दोन तास संपत आले तेव्हा दारात एसटीच्या धुळीने माखलेला स्टुडिओवाला उभा. ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप लावून तो चाळीसेक किलोमीटर आला होता. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"मी इथं हावो," तो म्हणाला, "म्हणजे तिथं कोणी नाही. काढा बिनधास्त. माह्या हंसापरीस भारी काय हाये थे मलेबी ऐकू द्या."

आज त्या खोलीत मोबाइलची कव्हरं मिळतात. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. आता फाइल मागायच्या आत येते, उलटे आकडे कुठे दिसत नाहीत, आणि लाइनीवर आपल्याशिवाय आणखी कोणी आहे का, हे कोणी तपासत नाही. कंपनीने अख्ख्या टापूला खरंच एकच पत्ता वाटून दिला होता, हे मला पुढे एका इंजिनिअरने समजावून सांगितलं. मी त्याला म्हटलं, हे आम्हाला साकोलीत एक निवृत्त ऑपरेटर केव्हाच सांगून गेला.

पण त्या दुपारी आकडे होते. साठ आले तसे काका उभे राहिले. स्टुडिओवाला उभा राहिला. मी उभा राहिलो. पंक्चरवाला ग्रीसचे हात तसेच घेऊन दारात उभा. आणि सिस्टर, जी स्कूटी बंद न करताच आत आली होती, ती बाहेर गेली, स्कूटी बंद करून परत आली आणि आमच्या रांगेत उभी राहिली. मांजरांचा निर्णय पिकोवाल्या बाईंनी दिला, एकमताने. नंतरचा सव्वा तास कोणी पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नाही, न जाणो लाइनीला धक्का लागला तर.

शंभर टक्के. गाठोडं उघडलं.

आधी नुसती खरखर. मग मामांचा असावा असा एक आवाज, माइक तपासणारा, "हॅलो, हॅलो." काकांनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग पेटी, ढोलकी, टाळ्या आणि पंधरा-वीस बायकांचा मोकळा, उन्हात वाढलेला आवाज. सिस्टर खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती, नाडी मोजताना बसावं तशी. पहिलं कडवं झालं. तिने कोणाकडे पाहिलं नाही. एवढ्या आवाजांत एक आवाज कसा सापडणार, असं माझ्या मनात आलं. दुसरं कडवं झालं. बायका श्वास घ्यायला थांबल्या, पेटी अजून मधलीच ओळ वाजवत होती, आणि त्या रिकाम्या जागेत एकच बारीक, उंच, बिनधास्त आवाज तिसऱ्या कडव्यात शिरला, एकटाच, सगळ्यांच्या पुढे. मागे कोणी तरी खुदकन हसलं.

सिस्टर ताडकन उठली, टेबलावर हात आपटला आणि त्या लहानशा स्पीकरवर ओरडली, "थांब न वो माय, थांब!"